पालकांची प्रकृती

आमच्या घराण्यात आजवर भरला गेलेला सर्वांत लांबलचक कागद म्हणजे म्हाडाच्या सोडतीचा अर्ज. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्या माणसाला हा अर्ज भरण्याचा वडिलोपार्जित सराव असतो. आजोबा भरतात, वडील भरतात, मुलगा भरतो आणि घर भलत्यालाच लागतं. अशा मुरलेल्या घराण्याने चिरंजीवांच्या निवासी शाळेकडून आलेल्या ‘विद्यार्थी आरोग्य पुस्तिके’पुढे मात्र साफ हात टेकले.

पुस्तिकेतला पहिलाच प्रश्न असा: ‘विद्यार्थ्यास पुढीलपैकी कोणते आजार होऊन गेले आहेत? महिना व वर्ष लिहावे.’ खाली गोवर, कांजिण्या, गालगुंड, कावीळ, डांग्या खोकला अशी यादी. आता आमच्याकडे आजारांची नोंद महिना-वर्षाने ठेवत नाहीत, घरातल्या कार्यांवरून ठेवतात. आणि ते दप्तर सगळं आईच्या ताब्यात.

“आई, ह्याला कांजिण्या कधी आल्या होत्या गं?”

“छकुलीच्या बारशाला. आपण कोणी गेलो नव्हतो बघ.”

“बारसं कधी झालं पण?”

“अरे, ह्याला कांजिण्या आल्या होत्या ना, तेव्हाच.”

पुढचा प्रश्न: ‘विद्यार्थ्यास कशाची ॲलर्जी आहे काय?’

“दुधी भोपळ्याची,” आई ठामपणे म्हणाली.

“ती ॲलर्जी नव्हे गं. त्याला आवडत नाही एवढंच.”

“नुसता चिरताना बघितला तरी त्याच्या अंगावर काटा येतो. अंगावर येतं ती ॲलर्जीच.”

मी ‘दुधी’ लिहिलं. ‘कुटुंबातील आनुवंशिक आजार’ ह्या रकान्याने तर संसारच पणाला लावला. घरात मधुमेह कोणाच्या बाजूने आला, हा खटला आमच्या लग्नापासून प्रलंबित आहे. “तुमच्या काकांना होता,” ही म्हणाली. “तो तुझ्या आईच्या हातचे लाडू खाऊन झाला,” मी म्हणालो. त्या संध्याकाळी घरात चहा ज्याचा त्याने करून घेतला. शेवटी तडजोड म्हणून ‘दोन्हीकडून, समसमान’ असं लिहून दोघांनी सह्या केल्या.

राहिलं लसीकरण. ते कार्ड हरवू नये म्हणून आमच्या वडिलांनी दूरदृष्टीने लॅमिनेट करून ठेवलं होतं. त्यामुळे कार्ड शाबूत राहिलं, पण नंतरच्या लशींच्या नोंदी नर्सबाईंना प्लॅस्टिकवर कराव्या लागल्या आणि त्या कार्ड पुसताना पुसल्या गेल्या. २०१८च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून टोचलं, तेव्हा ह्याचा अख्खा बालवर्ग एका सुरात रडला होता, हे आम्हाला पक्कं आठवतं. पण सामूहिक रडणं हा पुरावा शाळा ग्राह्य धरत नाही.

मग डॉक्टरांचा दाखला. टागोर नगरातले आमचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस. समोर अर्धं नगर खोकत असलं तरी गप्पा सोडायचे नाहीत. त्यांनी चिरंजीवांना काट्यावर उभं केलं आणि विचारलं, “कुठली शाळा?”

“पाचगणीला.”

“वा! आम्ही लग्नानंतर तिकडेच गेलो होतो.” मग त्यांनी टेबललँडवरच्या घोड्याची हकिकत सांगितली. घोडा त्यांना घेऊन कड्याच्या दिशेने निघाला होता आणि त्यांच्या सौभाग्यवती घोड्याला ओरडण्याऐवजी डॉक्टरांनाच ओरडत होत्या. हकिकत संपली तेव्हा दाखल्यावर सही-शिक्का झालेला होता आणि चिरंजीवांनी बाहेर काढलेली जीभ अजून बाहेरच होती.

“डॉक्टर, जीभ…”

“हां, आत घे रे. उत्तम आहे. नाहीतरी तिथली हवाच औषध आहे.”

हवेचा हा मुद्दा घरात निर्णायक ठरला होता. कन्नमवार नगराच्या एका अंगाला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला कांजूरमार्गचं डम्पिंग ग्राउंड. वारा फिरला की संध्याकाळी खिडक्या लावण्याचा जो धडाका उडतो, त्यावरून घड्याळ लावून घ्यावं. उलट पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटरवर. जॉन चेसन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकात तिथे गोऱ्या लोकांना थंड हवेत राहण्याची सोय केली. पुढे १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. त्या काळी ज्याला त्याला डॉक्टर ‘हवापालट करा’ म्हणून डोंगरावर धाडायचे. आजाऱ्यांना मानवलेली हवा पोरांनाही मानवेल म्हणून शाळा निघाल्या असाव्यात. एकाच डोंगरावर एकीकडे खोकणारी माणसं आणि दुसरीकडे पाढे म्हणणारी मुलं. दोघांनाही घरी जायची सारखीच घाई.

आमच्या चिरंजीवांना ह्या नामांकित हवेचा पहिला घोट घेताच सडकून सर्दी झाली. जन्मापासून डम्पिंगच्या वाऱ्यावर पोसलेल्या फुप्फुसांना बिनवासाची हवा म्हणजे काहीतरी भेसळ वाटली असणार.

ही सगळी उस्तवार पाहून आमचे काका संतापले. काका रयतच्या शाळेत शिकलेले. त्यांच्यापुढे ‘बोर्डिंग’ म्हटलं की थेट साताऱ्यापासून सुरुवात होते. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं आणि पोरांच्या पोटाला कमी पडू लागलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. काकांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, पण सांगताना ते स्वतः त्या पंगतीत बसलेले असतात.

“तिथे कुठे होती रे आरोग्य पुस्तिका? तिथे लक्ष्मीबाई होत्या!” काका म्हणाले. ह्यावर कोणाला काही बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मग ते स्वतःच्या काळावर आले. “आमच्या वसतिगृहात टिंक्चर आयोडिनची एक बाटली होती. गुडघा फुटला, लाव टिंक्चर. डोकं दुखलं, लाव टिंक्चर. पोट दुखलं तर नुसती बाटली दाखवायची. पोट राहायचं.”

काकांना मी सांगितलं की शाळकरी पोरांना रांगेत उभं करून तपासायची पद्धत आपल्याकडे १९०९ साली बडोद्यात सुरू झाली, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळसुद्धा २०१३ साली आपल्या पालघरला फुटला. आता डॉक्टरांची पथकं आश्रमशाळांपर्यंत जातात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे डोळे, दात, कान, हृदय सगळं तपासतात. काका म्हणाले, “तपासू देत. आमचे दात कोणी मोजले नाहीत, म्हणून अजून आहेत.” असं म्हणून त्यांनी कवळी सारखी केली.

खरी लढाई पेटली ती सामानावरून. शाळेच्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत होतं: ‘पालकांनी पाल्यासोबत कोणतेही औषध देऊ नये. सर्व औषधे सिकरूममधून दिली जातील.’ हिने हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि लगेच औषधांची पिशवी भरायला घेतली. तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, सिरप सांडलं तर पुसायला नॅपकिन, विक्स, ओडोमॉस, बँडेज, मीठ-साखरेची पाकिटं. आईची पिशवी वेगळी. तीत सुंठ, ओवा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिंगाची डबी, सैंधव, आवळासुपारी आणि च्यवनप्राशचा एक किलोचा डबा.

“आई, औषध द्यायचं नाही असं लिहिलंय.”

“सुंठ औषध कुठून झाली? ते जेवणातलं आहे.”

“वेखंड?”

“ते वासापुरतं.”

शाळेच्या फाटकात मेट्रनबाई टेबल मांडून बसल्या होत्या. सहारच्या कस्टमवाल्यांनी शिकवणी लावावी अशी त्यांची नजर. बॅगेत हात न घालता, नुसती उचलून, “तळाशी च्यवनप्राश आहे, काढा,” म्हणाल्या. उशीच्या अभ्र्यात आईने शिवलेली ओव्याची पुरचुंडी त्यांनी नाकाने शोधली. चिरंजीवांच्या बुटात ठेवलेली विक्सची डबी तर त्याच्या चालीवरून ओळखली. सगळा ऐवज त्यांनी मागच्या कपाटात टाकला. कपाट उघडलं तेव्हा आत अख्ख्या महाराष्ट्राच्या आज्या उभ्या असल्याचा भास झाला. कोल्हापूरचं काढ्याचं सामान, नाशिकची बेहड्याची पूड, नागपूरच्या सुंठीच्या गोळ्या आणि एका फळीवर ओळीने च्यवनप्राशचे डबे.

“हे सगळं करता काय तुम्ही?” मी विचारलं.

“दिवाळीच्या सुट्टीत ज्याचं त्याला परत. जूनमध्ये तोच डबा पुन्हा येतो. काही डबे मी चांगले ओळखते.”

मेट्रनबाई वाईच्या. गुडघ्यांना तेल, केसांना तेल आणि बोलण्याला अजिबात नाही. मुलं त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात, पाठीमागे ‘थर्मामीटर’. त्यांच्या सिकरूममध्ये पाच-सहा खाटा, एक वजनकाटा, गरम पाण्याची पिशवी, उकळत्या पाण्याची किटली आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. हा तक्ता चष्मा टाळू पाहणाऱ्या मुलांनी पाठ करून ठेवल्यामुळे बाई तो अधूनमधून उलटा टांगतात. डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, रात्री-अपरात्री गरज पडली तर जीप तयार असते. पण राज्य बाईंचं. आणि ह्या राज्याची खरी संपत्ती म्हणजे त्यांचं रजिस्टर. ते मी त्यांच्या परवानगीने चाळलं. चार रकाने: नाव, तक्रार, तपासणी आणि चौथा त्यांनी स्वतः लाल शाईने आखलेला, खरे कारण.

‘सातवी अ. पोटदुखी. पोट मऊ, जीभ स्वच्छ. गणित चाचणी.’

‘आठवी ब. पाय मुरगळला. कोणता ते ठरलेले नाही. क्रॉसकंट्री.’

‘सहावी अ. चक्कर. उभ्याने येत नाही, निजल्यावर येते. पी.टी.’

‘सातवी ब. घसा बसला. लांबून हाक मारली, खणखणीत ओ दिली. प्रार्थना सांगायची पाळी.’

‘नववी अ. अशक्तपणा. नाश्त्याला पोहे असताना येतो, रविवारी इडली असते तेव्हा नसतो. पोहे.’

सोमवारी सकाळी सिकरूमबाहेर जेवढी रांग लागते तेवढी विक्रोळी स्टेशनच्या तिकीट खिडकीवरही लागत नाही. बाईंकडे त्यावर तीन उपाय. पहिला गरम पाणी, दुसरा मीठ-साखरेचं पाणी आणि तिसरा, “फारच दुखतंय का रे? आईला बोलावून घेऊ?” तिसऱ्या उपायाने मोठमोठे रोग जागच्या जागी बरे होतात. आई आली की वसतिगृहाच्या दारात सर्वांदेखत कुरवाळणार आणि ‘सोन्या’ म्हणणार. त्यापुढे क्रॉसकंट्री परवडली.

१० फेब्रुवारीला जंतनाशक दिन. अल्बेंडाझोलची गोळी सगळ्यांनी बाईंच्या समोर चघळून खायची. गोळीचा काही त्रास नाही. त्रास असतो तो दहावीच्या मुलांचा. ‘रात्री जंत नाकातून बाहेर येतो’ ही बातमी ते पाचवीच्या वर्गात आदल्या दिवशी सोडतात. मग अर्धा वर्ग रात्रभर नाक धरून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ‘श्वास कोंडतो’ अशा तक्रारींनी रजिस्टरचं पान भरतं. एकाला खरूज झाली की खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत मलम फासावं लागतं, चादरी-कपडे गरम पाण्यात. त्या रात्रीची मुलं वर्षभर वाट पाहतात असं बाईंनी सांगितलं.

एक मात्र दिसलं. मधल्या काही नोंदींपुढे लाल रकाना कोरा होता.

“इथे कारण नाही लिहिलं?”

“तो खरा ताप होता,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं. पुढची जूनची पानं होती, नव्याने आलेल्या पाचवीची. डोकेदुखी, पोटदुखी, झोप येत नाही, अशा तक्रारी. आणि लाल रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: घर, घर, घर.

इकडे घराची काय अवस्था होती, ह्याचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नाही. रविवारी शाळेतून फोन येतो. प्रत्येक मुलाला मोजून काही मिनिटं. आमच्याकडे फोन स्पीकरवर, आजूबाजूला मी, ही, आई, काका आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी. एका रविवारी चिरंजीव अत्यंत आनंदी आवाजात म्हणाले, “बाबा, इथे गालगुंड आलंय!” कोणाला आलंय हे सांगण्याआधी त्यांची पाळी संपली.

त्यानंतर शाळेचा निरोप आला: ‘एका विद्यार्थ्यास गालगुंड झाले असून त्यास वेगळ्या खोलीत ठेवले आहे. काळजीचे कारण नाही. पालकांनी येण्याची आवश्यकता नाही.’

“बघितलंत?” ही म्हणाली. “येऊ नका म्हणतायत. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.”

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर साथच उसळली. एका बाबांनी गाल सुजलेल्या माणसाचा फोटो टाकला. तो दाढ काढलेल्या त्यांच्या साडूंचा निघाला. एका आईने हळद-रक्तचंदनाच्या लेपाची कृती टाकली, दुसरीने त्यात चुना घालायला सांगितला, तिसरीने ‘चुना नको’ म्हटलं आणि तिथून त्यांचं गावावर गेलं. दुबईच्या एका बाबांनी ‘मुलांना विमानाने हलवता येईल का’ असं विचारलं. पुण्याच्या बाबांनी ‘तेवढ्या दिवसांचे मेसचे पैसे परत मिळावेत’ असा मुद्दा मांडला. एका डॉक्टर आईने नीट लिहिलं की हा विषाणू लाळेतून, खोकल्यातून पसरतो, संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी गाल सुजतो, सूज आल्यावर पाच दिवस मुलाला वेगळं ठेवलं की पुरे, आणि घाबरू नये. तिच्या संदेशाला कोणी उत्तर दिलं नाही. दुबईच्या विमानाला मात्र हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागली.

“चला,” ही म्हणाली.

“कुठे?”

“कुठे काय? तिकडे!”

रात्री आम्ही चेंबूरच्या मैत्री पार्कला बस पकडली. हिच्या मांडीवर लेपाचा डबा, माझ्या खिशात आईने कोंबलेली आवळासुपारी. वाईपर्यंत मी संकटकाळी कुटुंबप्रमुखाने कसं धीरोदात्त असावं, हे बायकोला समजावून सांगत होतो. वाई सोडली, पसरणी घाट सुरू झाला, पहिलं वळण आलं आणि धीर तिथेच संपला. दुसऱ्या वळणावर आवळासुपारीही उपयोगाची राहिली नाही. पुढच्या वळणांचं वर्णन करत नाही. कंडक्टरने मला खिडकीची जागा दिली आणि आजूबाजूच्या प्रवाशांनी आपणहून मला भरपूर जागा करून दिली, एवढं सांगतो.

शाळेच्या मैदानावर चिरंजीव गोलकीपर म्हणून उभे होते. दोन्ही गाल जागच्या जागी.

“आई? बाबा? तुम्ही का आलात?”

“गालगुंड…” मी कसाबसा बोललो.

“ते तर दहावीच्या दादाला झालंय. मज्जा आहे त्याची! एकट्याला खोली, कॅरम, जेवण जागेवर. बाकीचे सगळे आरशासमोर गाल दाबून बघतायत. बाबा, तुम्ही हिरवे का दिसताय?”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मेट्रनबाईंचा हात कपाळावर, मग सिकरूमची खाट, मग मीठ-साखरेचं पाणी. पायांखालून खाटेची लांबी संपली होती, कारण ती सहावीच्या मापाची होती. दारातून पोरं आळीपाळीने डोकावून जात होती आणि “सातवी ब चे बाबा ॲडमिट झालेत,” ही बातमी जिन्यावरून खाली चालली होती. बाईंनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा मोजला.

“बीपी किती वर्षं आहे?”

“मला बीपी नाही.”

“आता आहे. विक्रोळीला गेल्यावर डॉक्टरांना दाखवा. जीभ काढा.” त्यांनी ती नीट पाहिली, अगदी मुळापर्यंत. मग रजिस्टर ओढलं. मी मान उंचावून वाचलं: ‘विक्रोळी. मळमळ, घाम, धडधड. मुलाचे गाल तपासून पाहिले, दोन्ही नॉर्मल.’ लाल रकान्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं: ‘पालकत्व.’

“ह्यावर औषध?” हिने काळजीने विचारलं.

“ह्यावर कुठलं औषध? दर साथीला आजारी मूल एक आणि पालक पंधरा-वीस येतात. गेल्या वर्षी डोळे आले होते, तेव्हा मुलं चार दिवसांत बरी झाली. आयांचे डोळे पंधरा दिवस लाल, रडून. साथ आली की पहिल्या बसने कोणकोण येणार, हे मला पाठ आहे. खाटा मी आदल्या रात्रीच तयार ठेवते.” असं म्हणून त्यांनी हिच्या हातातला लेपाचा डबा अलगद काढून घेतला आणि कपाटात ठेवला, आमच्याच च्यवनप्राशशेजारी.

बाहेर मैदानावर गोल झाल्याचा गलका झाला. कोणावर झाला ते मला खाटेवरून दिसेना. बाईंनी माझ्या अंगावर सहावीच्या मापाची चादर घातली. ती एक तर छातीला पुरायची किंवा पायांना.

“आज संध्याकाळपर्यंत पडून राहू द्या ह्यांना,” त्या हिला म्हणाल्या. “वरणभात पाठवते. लगेच घाट उतरवू नका.”

हिने खिडकीबाहेरची झाडं पाहिली, मग खाटेवर निमूट पडलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “सिस्टर, ह्यांना दिवाळीपर्यंत ठेवून घेता येईल का हो? फी काय पडेल?”

“ठेवलं असतं,” सिस्टर म्हणाल्या, “पण आधी ती आरोग्य पुस्तिका भरून द्यावी लागेल.”

“मग राहू दे,” ही म्हणाली आणि परतीच्या बसची वेळ विचारायला गेली.